कोचचा बायोडेटा कसा वाचावा: अमेरिकी कॉलेजांच्या व्हॉलीबॉल पानांचं परीक्षण

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडा साइटवर महिला व्हॉलीबॉलच्या विभागात ‘कोचेस’ नावाचं एक पान असतं. वर फोटो, हुद्दा आणि ईमेल, खाली ‘फुल बायो’चं बटण. ते दाबलं की कोचचं चरित्र उघडतं: कुठे खेळली, कुठे शिकवलं, किती सामने जिंकले, किती खेळाडू घडवल्या. कुठे दोन परिच्छेदांत आटपतं, कुठे वाचेपर्यंत चहा गार होतो. पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. मुलगी तिकडे क्लब व्हॉलीबॉल खेळत असेल तर नववीपासूनच घरात ही पानं उघडायला लागतात. कारण डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतला कोच भरतीसाठी मुलीशी थेट बोलू शकतो तो दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून, आणि कॉलेजच्या खर्चाने भेट घडते ती अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. तोवर कोचची ओळख व्हायची ती याच पानावरून.

या पानाला गुण काय द्यायचे? माहिती चांगली, मांडणी लबाड. लग्नाच्या बायोडेटाचीच जात. ‘स्वतःचा फ्लॅट’ हे खरंच असतं. हप्ते किती राहिलेत ते विचारल्याशिवाय कळत नाही. हे पान कॉलेजचं प्रसिद्धी खातं लिहितं, आणि ते भरतीतल्या मुलीला डोळ्यांपुढे ठेवून लिहितं. खोटं त्यात सहसा सापडत नाही. पण काय वगळलंय हे ओळखायला थोडा सराव लागतो.

पहिल्यांदा क्रियापदं पाहा. मुख्य कोचच्या पानावर ‘जिंकलं’, ‘नेलं’, ‘उभारलं’ असतं. सहायकाच्या पानावर तेच यश ‘हातभार लावला’ या चालीवर येतं. त्यात गैर काही नाही, पण हातभार नेमका कशाला, हे पुढच्या वाक्यात आलं पाहिजे: सेटर कोणी तयार केल्या (आपल्याकडे मैदानावर अजूनही लिफ्टरच म्हणतात), सर्व्हिस घेण्याचा सराव कोण घेतं, ब्लॉक कोणाकडे, प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ कोण फोडतं, भरती कोण बघतं. एवढं लिहिलेलं असेल तर पान चांगलं. नुसतंच ‘संघाच्या सर्व अंगांत सहभाग’ असेल तर त्या माणसाकडे ठरलेलं काम नसावं, किंवा लिहिणाऱ्याला ते विचारावंसं वाटलं नसावं. ‘असोसिएट हेड कोच’ या हुद्द्याला फार भुलू नका. अधिकाराची रेष त्यात ठरलेली नसते. चांगला सहायक दुसरीकडे जाऊ नये म्हणूनही तो दिला जातो. ‘रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर’ हा शब्द मात्र कामाचा. तुमच्या ईमेलला उत्तर येणार ते बहुधा त्याच टेबलावरून.

मग आकडे. ‘तेरा ऑल-अमेरिकन घडवल्या’, म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांत निवडलेल्या तेरा खेळाडू, असं वाचलं की विचारायचं, कुठल्या यादीतल्या? अमेरिकी व्हॉलीबॉल कोचेस असोसिएशन म्हणजे एव्हीसीए पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन संघ निवडते, प्रत्येकात १४ खेळाडू, आणि शिवाय ‘ऑनरेबल मेन्शन’ची लांबलचक यादी. बायोत चारही एकाच पोत्यात भरलेल्या असतात. ‘एव्हीसीए टीम ॲकॅडेमिक ॲवॉर्ड’ हा तर बायोतला वरणभात. ४ पैकी ३.३० सरासरी गुण झाले की मिळतो, आणि दरवर्षी शेकडो संघांना मिळतो. नसेल तर विचारा. असला म्हणून खूश होऊ नका. एनसीएए ही अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य संघटना, आणि ‘एनसीएए स्पर्धेत सहा वेळा’ या वाक्यातही दोन वाटा आहेत. ६४ संघांत जागा मिळते ती कॉन्फरन्स (हंगामभर आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जिंकून थेट, नाहीतर समितीच्या निवडीतून. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये सहा वेळा पहिलं येऊन सहाही वेळा पहिल्याच सामन्यात गारद झालेला कोच, आणि तगड्या कॉन्फरन्समध्ये पाचवा येऊन समितीने उचललेला कोच, बायोत दोघांचं वाक्य एकच असतं. म्हणून एकूण जय-पराजय सोडा, कॉन्फरन्समधले जय-पराजय शोधा. हंगामाच्या सुरुवातीचे सामने कोचने स्वतः ठरवलेले असतात. कॉन्फरन्सचे माथी आलेले.

खेळातल्या आकड्यांची गंमत आणखी वेगळी. अटॅकचा टक्का म्हणजे किल (थेट गुण मिळवणारा फटका) उणे चुका, भागिले एकूण प्रयत्न: ४० प्रयत्नांत १४ किल आणि ४ चुका असतील तर .२५०. हा आकडा कोचच्या कामाबद्दल बरंच सांगतो, कारण त्यात सर्व्हिस घेणं आणि सेटिंग दोन्ही उतरतं. ब्लॉकच्या आकड्यावर मात्र एवढा विश्वास टाकू नका. संघाच्या खात्यात एकटीचा ब्लॉक एक आणि सहभागाचा अर्धा धरतात. दोघींनी मिळून अडवला तर एक, तिघींनी उड्या मारल्या तर चेंडू एक आणि हिशेब दीड. बाहेरच्या बाजूला सर्रास तिहेरी ब्लॉक लावणाऱ्या संघाचा आकडा त्यामुळे फुगतो. ‘सेटमागे सर्वाधिक डिग’ (समोरचा फटका पडू न देता उचलणं) ही बढाई तर दुधारी. पुढची फळी चेंडू अडवत नसेल तर मागच्या मुलींना डिग करायची संधी जास्तच मिळते.

कोच स्वतः कधी खेळली, यावरही तिचे आकडे कसे वाचायचे ते ठरतं. २००० पर्यंत कॉलेजात जुनी पद्धत होती, सर्व्हिस आपली असेल तरच गुण. २००१ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि सेट ३० चा. २००८ पासून सेट २५ चा. तेव्हा १९९६ मधल्या आणि २०१० मधल्या ‘सेटमागे किल’ची तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत घालणं. लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत बचाव करणारी खेळाडू, कॉलेजात आली २००२ मध्ये. त्याआधी खेळून गेलेल्या कोचच्या पानावर ‘बचावातली तज्ज्ञ’ लिहिलेलं असेल तर ती सहाही जागा फिरत खेळलेली असू शकते, आणि सर्व्हिस घेण्याची शिकवण अशा माणसाकडून घेणं वेगळंच असतं.

आता दोन पानं जवळून, कारण ती समोरासमोर ठेवली तर या धंद्याच्या दोन वाटा स्पष्ट दिसतात. २२ डिसेंबर २०२४, लुइव्हिलमध्ये अंतिम सामना, पेन स्टेट विरुद्ध लुइव्हिल. एनसीएएची महिला व्हॉलीबॉल स्पर्धा १९८१ पासून होते आणि तोवर एकाही स्त्री कोचने ती जिंकलेली नव्हती. फ्लोरिडाच्या मेरी वाइज यांनी २००३ आणि २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली, दोन्ही वेळा हरल्या. त्या दिवशी दोन्ही बाकांवर मुख्य कोच बाई होत्या, त्यामुळे निकाल काहीही लागला तरी ती पाटी पुसली जाणारच होती. पेन स्टेटने ३-१ ने जिंकलं.

जिंकलेल्या केटी शूमाकर-कॉली यांचं पान वाचा. पेन स्टेटच्याच खेळाडू, १९९९ च्या विजेत्या संघातल्या. त्यांचे कोच रस रोझ, सात विजेतेपदं, ४३ हंगाम, १,३३० विजय आणि २२९ पराभव. पण त्या तिथून थेट या खुर्चीत आल्या नाहीत. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात आठ हंगाम मुख्य कोच, मग पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एक हंगाम, मग २०१८ मध्ये रोझ यांच्या हाताखाली परत. म्हणजे मुख्य कोचची खुर्ची सोडून सहायकाच्या खुर्चीवर! बायोडेटात ही ओळ ‘घरी परतल्या’ अशा गोड शब्दांत येते आणि वाचणारा पुढे जातो. तिथेच थांबायला हवं. आठ-नऊ वर्षं स्वतः निर्णय घेतलेल्या माणसाने हुद्दा खाली घेतला, तो बहुधा पुढची खुर्ची दिसत असल्यामुळे. रोझ २०२१ च्या हंगामानंतर निवृत्त झाले, आणि २०२२ पासून त्या मुख्य कोच. विजेतेपदाचा हंगाम त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत काढला. उपांत्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही संघ परत उभा राहिला.

हरलेल्या डॅनी बुसबूम केली यांचं पान चढत्या भाजणीचं. नेब्रास्काच्या खेळाडू, सेटर म्हणून आल्या आणि २००६ च्या विजेत्या संघात लिबेरो म्हणून खेळल्या. हा बदल बायोत अर्ध्या वाक्यात उरकतात, पण कोच म्हणून हीच सगळ्यात मोलाची ओळ. ज्या मुलीने संघाचा दुसरा चेंडू हाताळला आणि मग तो सेटरकडे नीट पोहोचवायचं काम केलं, तिला एकाच रॅलीची दोन्ही टोकं ठाऊक. मग टेनेसी, लुइव्हिल आणि नेब्रास्का इथे सहायक, २०१५ च्या विजेतेपदात नेब्रास्काच्या बाकावर. २०१७ ते २०२४ लुइव्हिलच्या मुख्य कोच. २०२१ मध्ये एकही सामना न हरता शेवटच्या चारांत, २०२२ मध्ये अंतिम फेरीत, २०२४ मध्ये पुन्हा. अशा पानावर शोधायचं ते हे: पहिल्या दोन हंगामांचे आकडे वगळलेत का? सर्रास वगळतात. ‘गेल्या पाच हंगामांत’ अशी सुरुवात दिसली की सहाव्या हंगामाचा आकडा शोधून काढा.

दोघीही आपल्या जुन्या कोचच्या मुशीतून आलेल्या. या धंद्यात ‘झाड’ म्हणतात त्याला. आपल्याकडे गाण्यात घराणं म्हणू. टेरी पेटिट यांनी १९७७ पासून नेब्रास्का उभं केलं, १९९५ ला जिंकलं. त्यांचे सहायक जॉन कुक २००० मध्ये गादीवर आले आणि त्याच वर्षी ३४-० ने जिंकले. कुक यांच्या हाताखाली बुसबूम केली खेळल्या आणि शिकल्या. रोझ स्वतःही नेब्रास्कातून पेन स्टेटला आलेले. बायो वाचताना मुख्य कोच ज्यांच्या हाताखाली राहिला त्या दोन-तीन नावांची पानं उघडा. सराव कसा चालतो, ओरडा कितपत असतो, सहायकांना मोकळीक किती, याचा अंदाज आकड्यांपेक्षा तिथून बरा येतो.

पण घराण्यालाही अपवाद आहेत, आणि पानं वाचण्याची मजा त्यांतच आहे. विस्कॉन्सिनचे केली शेफील्ड कॉलेजसाठी कधी व्हॉलीबॉल खेळलेच नाहीत. ऑल्बनी, मग डेटन, मग २०१३ पासून विस्कॉन्सिन. पहिल्याच हंगामात अंतिम फेरी, २०२१ ला विजेतेपद. उलटं उदाहरण ह्यू मॅककचन यांचं. मूळचे न्यूझीलंडचे, २००८ ला अमेरिकेच्या पुरुष संघासह ऑलिंपिक सुवर्ण, २०१२ ला महिला संघासह रौप्य, आणि मग अकरा हंगाम मिनेसोटा. संघ शेवटच्या चारांत गेला, अंतिम फेरीत कधीच नाही. यात त्यांचा कमीपणा नाही. काम वेगळं आहे. राष्ट्रीय संघाचा कोच तयार खेळाडू निवडतो, कॉलेजचा कोच पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या घरी सोफ्यावर बसून तिची चार वर्षं मागतो. नियमही वेगळे. आंतरराष्ट्रीय सामन्यात सेटमागे बदल ६, कॉलेजात १५. दोन सेटरचा ६-२ डाव खेळायचा तर एका पूर्ण फेरीला ४ बदल लागतात. १५ मध्ये जवळजवळ पावणेचार फेऱ्या निघतात, सहात दीडच. म्हणून बायोत ‘राष्ट्रीय संघाचा अनुभव’ दिसला की मान द्या, पण ‘कॉलेजात किती हंगाम’ ही ओळ त्याच्या वर ठेवा.

आता पानाचे दोष, आणि त्यांवरचे उपाय.

मोठा दोष: हे पान फक्त आजचं दाखवतं. गेल्या तीन वर्षांत किती सहायक सोडून गेले, हे त्यावर नसतं, आणि कोच पारखायला याइतकं काम दुसरं काही देत नाही. उपाय सोपा आहे. अनेक साइटवर रोस्टरच्या (खेळाडूंच्या यादीच्या) किंवा कोचेसच्या पत्त्याच्या शेवटी वर्ष असतं किंवा जोडता येतं. २०२५ च्या जागी २०२४, मग २०२३ टाकून बघा. जुनं पान उघडलं नाही तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) टाका. तीन वर्षांची सहायकांची नावं कागदावर उतरवा. बढती मिळून मुख्य कोच झालेले वेगळे काढा. ते कोचच्या जमेला. उरलेले दर वर्षी बदलत असतील तर पान कितीही चकचकीत असो, सावध व्हा.

तसंच रोस्टरचं. तीन वर्षांपूर्वीच्या यादीतल्या फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) मोजा आणि त्यांतल्या किती आज सीनियर (चौथ्या वर्षाच्या) म्हणून आहेत ते बघा. पाचातल्या चार उरल्या असतील तर उत्तम, एक उरली असेल तर प्रश्न विचारायचा. ‘प्रीव्हियस स्कूल’च्या रकान्यात दुसऱ्या कॉलेजांची नावं किती हेही मोजा. ज्या कोचचा अर्धा संघ बदलीवर आलेला आहे, तो शाळेतून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी बाकावरच बसवण्याची शक्यता जास्त. त्यात आता २०२५ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टरची १८ ची मर्यादा आली आहे. पूर्वी १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि स्वखर्चाने संघात येणाऱ्या मुलींना त्यापलीकडे जागा असायची.

बायोत ‘एपीआर १०००’ लिहिलेलं असतं. हा एनसीएएचा अभ्यासाचा निर्देशांक. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक मुलीला दर सत्रात दोन गुण: अभ्यासात पात्र राहिली तर एक, कॉलेजात टिकली तर एक. १२ मुली, दोन सत्रं, म्हणजे वर्षाचे ४८. एकीचा एक गुण गेला तर ४७ भागिले ४८, आकडा ९७९. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की एनसीएए स्पर्धेला बंदी. आकडा चांगला आहे, पण त्याला एक खिडकी आहे: चांगले गुण असलेली मुलगी बदली घेऊन गेली तर टिकण्याचा गुण कापला जात नाही. म्हणजे हजारपैकी हजार आणि संघ निम्मा रिकामा, हे दोन्ही एकाच वेळी शक्य. वरची रोस्टरची मोजणी म्हणूनच हवी.

पगाराचा आकडा पानावर नसतो. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ साइटवर कॉलेजचं नाव टाकलं की संघागणिक पुरुष आणि स्त्री कोच किती, पूर्णवेळ किती आणि अर्धवेळ किती, हे फुकट मिळतं. पगार तिथे महिला संघांच्या सगळ्या कोचची सरासरी म्हणून येतो, एकट्या व्हॉलीबॉलचा नाही. लहान कॉलेज असेल तर हा ‘अर्धवेळ’चा रकाना आवर्जून बघा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही, आणि तिथला कोच व्हॉलीबॉलबरोबर बीच व्हॉलीबॉल, एखादा वर्ग किंवा खात्याचं प्रशासकीय काम सांभाळत असू शकतो. महाराष्ट्रातल्या कॉलेजात जिमखान्याचे एकच सर कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या संघांच्या कागदांवर सह्या करतात, त्यांना हे नवल वाटणार नाही.

बारीकसारीक तक्रारीही आहेत. पान शेवटचं कधी सुधारलं याची तारीख नसते. फोटो मोठा, ईमेल बारीक. मोबाइलवर ‘फुल बायो’ दाबल्यावर कधी कधी मध्येच तिकिटांची जाहिरात आडवी येते. आणि बायोच्या शेवटी नवरा, मुलं आणि कुत्र्याचं नाव हमखास असतं, पण कोचने सरावाची पद्धत कुठे शिकली, कोणतं प्रमाणपत्र घेतलं, हे कित्येकदा नसतंच.

गुण द्यायचेच तर मुख्य कोचच्या पानाला पाचात तीन, सहायकांच्या पानाला दोन. वर सांगितलेली खटपट केलीत तर साडेचार. वेळ लागतो एका कॉलेजला तासभर.

एक मात्र लक्षात ठेवा, हा तासभर दोनदा काढावा लागतो. डिसेंबरात स्पर्धेचा शेवटचा आठवडा असतो, त्याच शहरात त्याच दिवसांत एव्हीसीएचं अधिवेशन भरतं, आणि नोकऱ्यांच्या गाठीभेटी तिथेच होतात. पुढचे दोन महिने पानं बदलत राहतात. जानेवारी २०२५ मध्ये जॉन कुक निवृत्त झाले, बुसबूम केली लुइव्हिल सोडून नेब्रास्काला गेल्या, लुइव्हिलला त्यांचे सहायक डॅन मेस्के मुख्य कोच झाले. फेब्रुवारीत मेरी वाइज यांनी निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबरात सही केलेल्या मुलींपुढे उन्हाळ्यात दुसराच कोच उभा होता. मुख्य कोच बदलला की खेळाडूंना बदलीसाठी ठरावीक मुदतीची खिडकी उघडते, पण तिचे दिवस मोजलेले असतात आणि बायोच्या पानावर ते लिहिलेले नसतात. सही करण्याआधी कॉलेजच्या नियमपालन खात्याला ईमेल करून हे लेखी विचारून ठेवा.